घर वर नेताना

समुद्र दर हिवाळ्यात दोन हात पुढे सरकायचा.
शेवटी एदेल्मिरा म्हणाली, घर वर न्यायचं,
टेकाडावर, सफरचंदांच्या पलीकडे.
चिलोए बेटावर घर नेतात म्हणजे खरोखर नेतात:
खाली ओंडके सारायचे, पुढे बैल जुंपायचे,
आणि गावानं दोराला लागायचं.

दोन दिवस आधी एलेउतेरियो आला,
बैलांचा म्हातारा, डाव्या हाताला तीनच बोटं.
उंबऱ्यात उभं राहून त्यानं फळीवर टाच आपटली,
कान दिला,
म्हणाला, "जड आहे. रिकामं कर."

रिकामं कर म्हणे!
जशी काही ती अकरा वर्षं
त्याचसाठी सवड शोधत नव्हती.

सामन माशांच्या कारखान्यात ती पाळ्या लावते.
कोण सहाला, कोण दोनला,
कोण आजारी, कोण खोटं आजारी.
फोन दोन: एक कंपनीचा, एक बाकी सगळ्या जगाचा.
रात्री दोन्ही उशीखाली.
झोपेत दात इतके आवळायची
की सकाळी पाव चावताना कानात कळ जायची.
कास्त्रोतला डॉक्टर म्हणाला, ताण कमी करा.
तिनं ते कामांच्या यादीत लिहून ठेवलं,
बाविसाव्या क्रमांकावर.

मग निघाली एकेक वस्तू गवतावर.
व्यायामाची सायकल, तिच्यावर वाळत घातलेल्या टॉवेलसकट.
पाव भाजायचं यंत्र, खोकं न फोडलेलं.
गेलेल्या नवऱ्याच्या होडीचं इंजिन
(गेला म्हणजे पुंता अरेनासला गेला, मेला नाही).
मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या, लागतील म्हणून.
एक खण भरून किल्ल्या;
कुलपं कुठली, देव जाणे.

म्हातारा परत आला. टाच. कान.
"अजून जड."
"अहो, भिंती काढू का आता?" ती ओरडलीच.
तो काही न बोलता शिडीनं माळ्यावर चढला
आणि वरून ढकलली
लोकरीची पोती. सात.
आईनं कातायची ठेवलेली.
मी कातीन, असं हिनं तिच्या उशाशी बसून सांगितलेलं.
ओल पिऊन पिऊन एकेक पोतं
वासराएवढं झालं होतं.

शेजारची रोसाल्बा बटाटे किसत होती,
उद्याच्या दोरवाल्यांच्या जेवणासाठी.
हात पुसत आली, लोकर चिमटीत धरून पाहिली.
"मला दे," म्हणाली. बस, इतकंच.
एदेल्मिराला वाटलं, आता रडू येईल.
आली ती जांभई.
मोठी, जबडा निखळेलशी,
आणि तिच्यामागून आणखी एक.

सकाळी सहा जोड्या बैल.
घर आधी कुरकुरलं, मग कण्हलं,
मग एखादी जाडी आत्या खुर्चीतून उठावी
तसं हललं.
ती मागून चालत होती.
जिथे घर होतं तिथे कोरड्या मातीचा चौकोन,
त्यात एक चमचा, आणि आधीच पोचलेल्या दोन कोंबड्या.

त्या रात्री वर वीज नव्हती, नळ नव्हता.
दोन्ही फोन आठच्या आत विझले.
ती कोट पांघरून फळ्यांवर आडवी झाली
आणि उठली तेव्हा उन्हं खिडकीत आली होती.
कारखान्यात कुणीतरी पाळ्या लावल्या होत्या,
चुकीच्या.
मासे तरीही डब्यात गेले होते.

सामान खाली निळ्या ताडपत्रीत.
लागेल तसं आणू, म्हणाली.
पहिल्या दिवशी पातेलं आणलं, दुसऱ्या दिवशी उशी.
मग पाऊस लागला, मग बटाटे काढायचे दिवस आले.
सायकल गंजली. किल्ल्यांचा खण
कुणा पोरानं नेला, खेळायला.

अजूनही कधी रात्री ती फळीवर टाच आपटून बघते.
कधी कधी जड वाजतं.
भोवती बघावं तर वस्तू काहीच नाही,
एक टेबल, एक दिवा, डब्यात ठेवलेला एकच फोन.
मग ती बूट काढते,
मोजा काढते,
आणि पुन्हा आपटते,
अनवाणी.